जॉन मेलनकॅम्प: गाणी गावाची, मते गावाविरुद्धची

हायवे_पासष्ट

नमस्कार. अमेरिकन रॉक संगीतावरच्या आपल्या चर्चा बहुतेक वेळा ब्रूस स्प्रिंगस्टीनपाशी येऊन थांबतात. 'हार्टलँड रॉक' म्हटले की न्यू जर्सीच्या त्या गायकाचेच नाव पुढे येते. ज्या मका-सोयाबीनच्या मुलखाला अमेरिकेत हार्टलँड म्हणतात, तिथे जन्मलेला आणि आजही तिथेच राहणारा गायक मात्र जॉन मेलनकॅम्प आहे. ७ ऑक्टोबर १९५१ रोजी इंडियाना राज्यातील सीमोर या गावी त्याचा जन्म झाला आणि आता तो तिथून जवळच, ब्लूमिंग्टनच्या परिसरात राहतो. पुण्याच्या कमिन्समधून मुख्यालयाच्या गावी, म्हणजे इंडियानातल्याच कोलंबसला, आलेली मराठी मंडळी या भागात पुष्कळ आहेत. कोलंबसहून दक्षिणेला निघाले की अर्ध्या तासाच्या आत सीमोर लागते. लुईव्हिलला जाताना आपण सगळेच ते ओलांडतो. त्या गावाने काय गायले, यावर मराठीत सविस्तर बोलावे असे बरेच दिवस मनात होते.

त्याच्या उमेदवारीच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. १९७६ साली पहिला अल्बम निघाला तेव्हा व्यवस्थापक टोनी डिफ्रीज याने त्याला न विचारता मुखपृष्ठावर 'जॉनी कूगर' असे नाव छापले आणि ते उतरवायला त्याला १९९१ पर्यंत वेळ लागला. १९८२ च्या 'अमेरिकन फूल'मधले 'जॅक अँड डायान' चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्या यशामुळे त्याला स्वतःच्या मर्जीचे गाणे करण्याची मोकळीक मिळाली, एवढेच त्याचे महत्त्व मला वाटते.

खरा मेलनकॅम्प ऑगस्ट १९८५ च्या 'स्केअरक्रो'मध्ये भेटतो. १९८३ च्या अखेरीस त्याचे आजोबा वारले. त्यांच्या स्मृतीस वाहिलेल्या या अल्बममध्ये आजी लॉरा मेलनकॅम्पचा आवाजही आहे. बालमित्र जॉर्ज ग्रीन याच्यासह लिहिलेल्या 'रेन ऑन द स्केअरक्रो' या गाण्यात तीन पिढ्यांची शेती बँकेने जप्त केली आहे, लिलाव पुकारणारा माणूस कुटुंबाच्या ओळखीचा आहे आणि हे फक्त माझे काम आहे, समजून घे, असे तो सांगतो. न्यायालयाच्या आवारात ९७ क्रूस रोवलेले आहेत, बुडालेल्या प्रत्येक शेतीमागे एक. या गाण्यात राष्ट्राध्यक्षाचे नाव नाही, पक्षाचे नाव नाही, उपदेश तर नाहीच.

या गाण्यामागचा हिशेब ठाऊक असला की ते अधिक बोचते. १९७१ ते १९७६ या काळात अर्ल बट्झ अमेरिकेचे कृषिमंत्री होते. ते इंडियानाचेच, पर्ड्यू विद्यापीठात कृषी विभागाचे डीन राहिलेले. बांधापासून बांधापर्यंत पेरा, असा त्यांचा शेतकऱ्यांना आग्रह होता. निर्यात वाढत होती, जमिनीचे भाव चढत होते आणि चढलेल्या भावाच्या तारणावर बँका आनंदाने कर्ज देत होत्या. मग महागाई रोखण्यासाठी व्याजदर इतके वाढवले गेले की डिसेंबर १९८० मध्ये प्राइम रेट, म्हणजे बँका आपल्या सर्वांत भरवशाच्या ग्राहकांना लावतात तो दर, २१.५ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षाच्या आरंभी सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर बंदी आली होती. आयोवा राज्यात १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत शेतजमिनीचा सरासरी भाव ६३ टक्क्यांनी कोसळला. ज्याच्या शेतात पीक उभे होते आणि ज्याने एकही हप्ता चुकवला नव्हता, त्याचेही तारण कागदावर अपुरे ठरले आणि बँकेने त्याच्याकडे वसुलीचा तगादा लावला.

माझा मुद्दा असा: मेलनकॅम्प जेव्हा कर्ज, लिलाव, रस्ता, बँक यांचा तपशील मांडतो, तेव्हा त्याचे राजकारण कोणत्याही पक्षाच्या माणसाला ऐकून घ्यावे लागते. तो जेव्हा थेट मत सांगतो, तेव्हा गाणे दुबळे होते आणि ऐकणारेही पांगतात. माझ्या घरामागे शेती करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. एका ऑक्टोबरात त्यांनी मला हार्वेस्टरच्या केबिनमध्ये शेजारी बसवून घेतले होते. समोरच्या पडद्यावर एकरी उताऱ्याचे आकडे सरकत होते, रेडिओवर हे गाणे लागले आणि त्यांनी आवाज वाढवला. त्यांच्या वडिलांची अवजारे १९८५ च्या सुमारास विकली गेली, तेव्हा गवत वाहायच्या सपाट गाडीवर नट आवळायचे पाने, हातोड्या, साखळ्या, ग्रीसच्या पिचकाऱ्या अशा मांडून ठेवल्या होत्या आणि खोक्याखोक्याने त्यांची बोली लागली होती. बोली पुकारणारा माणूस त्यांच्याच चर्चमधला होता. गाण्यातला तो प्रसंग तंतोतंत खरा आहे, असे त्यांनी सांगितले. आणि हा गायक सांगेल त्याला आपण आयुष्यात कधी मत देणार नाही, हेही तितक्याच शांतपणे सांगितले.

आमच्या भागात ही भूमिका अपवादाची नाही. सीमोर ज्या जॅक्सन काउंटीत आहे ती काउंटी मोठ्या फरकाने रिपब्लिकन मत देते आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांचा जन्म कोलंबसचा आहे. मेलनकॅम्पने मात्र रेगन यांच्या काळापासून उघडपणे डावीकडची बाजू घेतली आहे. त्याची गाणी आणि त्याची मते यांचे नाते तुम्हाला कसे दिसते, हे जाणून घ्यायला आवडेल.

रेकॉर्डची_सुई

धागा चांगला आहे, पण तुमच्या मांडणीत संगीत मागे पडले आहे. मेलनकॅम्पचे गाणे शब्दांवर तोलले तर तो दुसऱ्या फळीत बसतो, कारण त्याच्याकडे स्प्रिंगस्टीनची कथनशक्ती नाही. त्याचे मोठेपण ताल आणि वाद्यमेळ यांत आहे. 'स्केअरक्रो'च्या ध्वनिमुद्रणाआधी त्याने साथीदारांना साठच्या दशकातली शंभराच्या आसपास गाणी बसवायला लावली. तो काळ हाताच्या बोटांत मुरावा, म्हणजे नक्कल न करताही तो ऐकू येईल, असा हेतू होता. केनी ॲरोनॉफचे ढोल या अल्बममध्ये जितके कोरडे आणि नेमके आहेत, तितके त्या काळातल्या लोकप्रिय संगीतात क्वचितच ऐकू येतात. १९८५ च्या सुमारास सगळीकडे प्रतिध्वनीने फुगवलेले ढोल वाजत असताना हा कोरडेपणा म्हणजे एक भूमिकाच होती.

त्यानंतरचा १९८७ चा 'द लोनसम जुबिली' मला त्याचा सर्वोत्तम अल्बम वाटतो. लिसा जर्मानोची फिडल आणि जोडीला ॲकॉर्डियन ही वाद्ये इलेक्ट्रिक गिटारच्या बरोबरीने पुढे उभी केलेली आहेत. पुढे ज्याला पर्यायी कंट्री (अमेरिकन ग्रामीण संगीताची नवी शाखा) म्हटले गेले, त्या प्रवाहातली कितीतरी वळणे इथे आधीच सापडतात, आणि तरीही हा अल्बम लाखोंनी खपला होता. खेड्यातल्या नाचाच्या रात्री वाजणारी वाद्ये त्याने एमटीव्हीच्या काळात राष्ट्रीय मंचावर आणली. माझ्या लेखी त्याचे राजकारण हे, आणि ते जाहीर मतांपेक्षा जास्त टिकले आहे.

तसेच २०१० चा 'नो बेटर दॅन धिस' ऐका. निर्माता टी-बोन बर्नेट याच्याबरोबर त्याने तो १९५५ च्या ॲम्पेक्स यंत्रावर, मोनोमध्ये, एकाच मायक्रोफोनभोवती सगळ्यांना उभे करून मुद्रित केला. जागा तीन: सव्हानामधले फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च, मेम्फिसचा सन स्टुडिओ आणि सॅन अँटोनिओच्या गंटर हॉटेलमधली खोली क्रमांक ४१४, जिथे १९३६ साली कृष्णवर्णीय ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने गायले होते. ज्याचा आवाज मोठा व्हायला हवा त्याने मायक्रोफोनच्या जवळ सरकायचे, बाकीच्यांनी मागे व्हायचे, एवढेच तिथले मिश्रण. अमेरिकन संगीताचे ऋण कोणाचे आहे, हे त्याने या तीन जागा निवडून सांगितले. भाषणाची गरज पडली नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने नाही, आणि तीही नोंदवायला हवी. 'जॅक अँड डायान'मधला जॅक मूळ कल्पनेत कृष्णवर्णीय होता, हे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. रेकॉर्ड कंपनीला ते रुचले नाही आणि त्याने बदल केला. वांशिक विषयावर पुढे तो जितके बोलला ते ऐकताना मला हा बदल आठवतो. नव्या गायकाला तेव्हा पर्याय किती होता, हा प्रश्न आहेच. पण बदल झाला तो झाला.

कोरडवाहू

हायवे_पासष्ट, लिलावाचा प्रसंग वाचून मन विषण्ण झाले. मी यवतमाळकडचा आहे. सपाट गाडीवर मांडलेली ती अवजारे आमच्याकडच्या जप्तीच्या आठवणींना अगदी जवळची वाटली, जरी कर्जाची जात वेगळी आहे. तुमच्याकडे जमिनीचा भाव कोसळल्यामुळे तारण आटले. आमच्याकडे कोरडवाहू कापसाला एक पावसाची ओढ पुरते, आणि बँकेने पुन्हा दारात उभे केले नाही की सावकार उरतो.

माझा आक्षेप गाण्यावर नाही, त्या गाण्याभोवती जे उभे राहिले त्यावर आहे. १३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियाला, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी भरलेल्या लाइव्ह एड मैफलीच्या मंचावर बॉब डिलनने, जमलेल्या पैशांतला थोडा आपल्या शेतकऱ्यांची गहाणखते फेडायला वापरता येईल का, असे विचारले. त्यातून विली नेल्सन, नील यंग आणि मेलनकॅम्प यांनी २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉयमधल्या शॅम्पेनला पहिली फार्म एड मैफल उभी केली. सुमारे ८० हजार श्रोते आले आणि नव्वद लाखांहून अधिक डॉलर जमले. अमेरिकन शेतीवरचे एकूण कर्ज तेव्हा २०० अब्ज डॉलरच्या आसपास होते. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिले की मैफलीचे स्वरूप कळते.

याच्या सहा वर्षे आधी, फेब्रुवारी १९७९ मध्ये, हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनला गेले होते. त्यांना मदत नको होती. १९१० ते १९१४ या काळात शेतमालाचा भाव आणि शेतकऱ्याचा खर्च यांचे जे प्रमाण होते त्या प्रमाणात भाव द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी चाकणला शरद जोशींनी कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा घरोघरी पोहोचली. दोन खंडांतले शेतकरी एकाच सुमारास एकच गोष्ट मागत होते. मग गायक मंडळी आली आणि भावाच्या प्रश्नाचे करुणेच्या प्रश्नात रूपांतर झाले. बुजगावण्यावर पडणारा पाऊस ऐकून शहरातल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येते, पण मक्याचा भाव वाढला तर तोच माणूस कुरकुरतो. मेलनकॅम्पच्या शेतीगीतात शेतकरी हरलेला आहे, आजोबा गेलेले आहेत, जमीन गेलेली आहे. भाव मागणारा, रस्ता अडवणारा शेतकरी त्यात मला कुठे दिसला नाही.

मृगजळ

कोरडवाहू यांच्या प्रतिसादात एक पुरवणी जोडते. मागणी समान दिसली तरी पुढच्या वाटा वेगळ्या होत्या. ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या अमेरिकन शेतकऱ्यांना सरकारने भाव बांधून द्यावा असे वाटत होते. शरद जोशींचा निष्कर्ष असा होता की सरकारच भाव पाडते, त्याने बाजारातून हात काढून घेतला तर शेतकरी स्वतःचे पाहून घेईल. दोन्ही आंदोलनांना एका ओळीत बसवताना हा फरक सोडून चालणार नाही.

हायवे_पासष्ट

कोरडवाहू, गाण्यांत आंदोलक शेतकरी दिसत नाही हे निरीक्षण मान्य आहे, पण करुणेवर गोष्ट थांबली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. १९८७ साली मेलनकॅम्प आणि विली नेल्सन सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीला गेले, ते आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांच्या विधेयकाच्या समर्थनासाठी. कोणत्या पिकाचे उत्पादन किती ठेवायचे हे शेतकऱ्यांनीच मतदानाने ठरवावे, त्यायोगे पुरवठा आटोक्यात राहावा आणि भाव खर्चाच्या वर यावा, हा त्या विधेयकाचा गाभा होता. म्हणजे घामाच्या दामाचाच प्रश्न होता. ते विधेयक मंजूर झाले नाही. मंजूर झाला तो १९८७ चा कृषी पतकायदा, ज्यामुळे जप्तीआधी कर्जाची फेररचना करता येते का, हे तपासणे सरकारी आणि सहकारी कर्जसंस्थांवर बंधनकारक झाले.

या दोन निकालांत बरेच काही आहे. मार्च १९८५ मध्ये तातडीच्या कृषिकर्जाचे विधेयक राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. दोन वर्षांत तेच वॉशिंग्टन कर्जाच्या बाबतीत नमले, भावाच्या बाबतीत नमले नाही. याचा दोष गायकांच्या पदरात घालणे मला न्याय्य वाटत नाही, कारण भावाची बाजू घेऊन ते साक्षीला उभे राहिले होते. फार्म एडचा पैसाही केवळ वाटला गेला नाही. जप्तीची नोटीस हातात पडल्यावर कोणता कागद कोणत्या तारखेपर्यंत दाखल करायचा, हे सांगणारी दूरध्वनी सेवा आणि कायदेशीर सल्ला यांवर तो खर्च झाला. ती सेवा आजही चालू आहे.

'पिंक हाउसेस'बद्दल मूळ लेखात लिहायचे राहून गेले होते, ते इथे जोडतो, कारण आंदोलक नसलेल्या माणसाविषयीच ते गाणे आहे. इंडियानापोलिसच्या एका उड्डाणपुलावरून जाताना मेलनकॅम्पला खाली एका लहानशा गुलाबी घरापुढे एक वृद्ध कृष्णवर्णीय माणूस मांडीवर मांजर घेऊन बसलेला दिसला. त्याच्या अंगणाशेजारून महामार्गाची रहदारी धावत होती आणि तो निवांत होता. आंतरराज्य महामार्ग आखताना अमेरिकेतल्या अनेक शहरांत कृष्णवर्णीय वस्त्या चिरल्या गेल्या, आणि इंडियानापोलिस त्याला अपवाद नाही. गाण्याचे ध्रुवपद इतके उमाळ्याचे आहे की लोक ते देशभक्तिगीत समजून गातात. २००८ साली रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्या प्रचारसभांत ते वाजू लागले, आणि मेलनकॅम्पच्या बाजूने हरकत पोहोचल्यावर ते थांबले. २०१० मध्ये समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या एका संघटनेलाही त्याने हे गाणे वापरू नका असे कळवले. आणि तरीही १८ जानेवारी २००९ रोजी, ओबामांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, लिंकन स्मारकापुढे त्याने स्वतः हेच गाणे गायले.

पैलतीर

मी ओहायोत राहतो आणि माझी मते या धाग्यावरच्या बहुतेकांपेक्षा उजवीकडची आहेत, हे आधीच सांगतो. मेलनकॅम्पची गाणी मला आवडतात. 'मिनिट्स टू मेमरीज' हे बसमध्ये भेटलेल्या वृद्ध कामगाराचे गाणे मी माझ्या मुलांना आवर्जून ऐकवले आहे. मला खटकतो तो त्याचा आपल्याच श्रोत्यांकडे पाहण्याचा दृष्टिकोन.

मार्च २०२४ मध्ये टोलेडोच्या मैफलीत तो गाण्यांच्या मध्ये बोलत असताना एका श्रोत्याने, गाणे म्हणा, असे ओरडून सांगितले. त्याने त्या माणसाला सुनावले आणि थोड्याच वेळात कार्यक्रम मध्येच थांबवून मंच सोडला. ज्या कुटुंबांनी महिनाभर आधी तिकिटे काढून ठेवली होती त्यांचा काय अपराध? दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. ज्या गाण्याला आमच्या भागातली माणसे स्वतःचे गाणे मानतात ते 'स्मॉल टाउन' २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रचाराच्या जाहिरातीला दिले गेले. न्यूयॉर्कचे माजी महापौर आणि अब्जाधीश असलेल्या माणसाच्या प्रचारात सीमोरचे गाणे कसे बसते, हे मला आजवर कळलेले नाही. मॅकेन यांना हरकत आणि ब्लूमबर्ग यांना परवानगी, यात तत्त्व कोणते?

आणखी एक समज दूर व्हायला हवा. शेतकरी स्वतःच्या हिताविरुद्ध मत देतो, त्याला कोणीतरी भुलवले आहे, असा सूर अशा चर्चांत हटकून येतो. २०१८ च्या व्यापारयुद्धात चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के आयातशुल्क लावले. माझ्या शेजाऱ्यांनी त्याची झळ सोसली, सरकारने दिलेली भरपाई घेतली, ती पुरेशी नाही हेही बोलून दाखवले आणि तरी विचारपूर्वक पुन्हा रिपब्लिकन पक्षालाच मत दिले. जमीन, धर्म, बंदूक बाळगण्याचा हक्क, वॉशिंग्टनविषयीचा अविश्वास, या सगळ्यांचा त्यांनी एकत्र विचार केला होता. त्यांना अडाणी समजणारा गायक त्यांचा प्रतिनिधी होऊ शकत नाही.

मृगजळ

पैलतीर, श्रोत्यांना अडाणी समजण्याचा आरोप मला पटत नाही. एप्रिल २००७ मध्ये मेलनकॅम्पने वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी गायले. इराक युद्धाला त्याचा उघड विरोध होता, तरी ज्यांनी ते युद्ध लढले त्यांच्यापुढे तो उभा राहिला. सोबत युद्धविरोधी गायिका जोन बाएझने गावे अशी त्याची इच्छा होती, लष्कराने तिला प्रवेश दिला नाही. युद्धाचे धोरण आणि युद्धात पाठवलेला मुलगा यांत फरक करणारा हा माणूस शेतकऱ्याचे मत आणि शेतकरी यांतही फरक करत असावा, असे मला वाटते.

ब्लूमबर्गबद्दल तुमच्याशी सहमत आहे, पण त्याहून मोठी जखम २००६ ची आहे. वर्षानुवर्षे जाहिरातींपासून दूर राहिलेल्या आणि तसे अभिमानाने सांगणाऱ्या या गायकाने 'अवर कंट्री' हे गाणे शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो या पिकअप ट्रकला दिले. त्या हंगामात सामन्यांच्या प्रक्षेपणात ती जाहिरात इतक्या वेळा लागली की लोक कंटाळून गेले. जाहिरात नीट पाहिली तर रोझा पार्क्स दिसतात, मार्टिन ल्यूथर किंग दिसतात, व्हिएतनामचे सैनिक दिसतात, कट्रिना वादळाने बुडालेले न्यू ऑर्लिन्स दिसते आणि मग ट्रक येतो. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा न सोडणाऱ्या पार्क्सबाईंचे चित्र वाहन विकण्यासाठी वापरले गेले, हे मला आजही सहन होत नाही. मूळ गाण्यात गरिबी आणि द्वेष यांच्याविषयीची, विज्ञान आणि धर्म दोघांनाही जागा देणारी कडवी आहेत. जाहिरातीत ध्रुवपद तेवढे उरले.

आमच्या वयाच्या गायकांना रेडिओ आता वाजवत नाही, गाणे लोकांपर्यंत पोहोचवायचा हाच मार्ग उरला होता, अशी त्याची बाजू होती. रेडिओविषयीचे त्याचे निदान बरोबर होते. पण त्यापुढच्या वर्षी आलेल्या 'फ्रीडम्स रोड' या अल्बमकडे लोक ट्रकचा अल्बम म्हणूनच पाहू लागले, आणि त्यातली चांगली गाणी त्याखाली दबली. ज्या रचनेत गायकाचे सगळ्यात स्पष्ट राजकारण होते तिचेच राजकारण पुसले गेले, आणि ते त्याच्या संमतीने पुसले गेले. माझ्या दृष्टीने टोलेडोचा प्रसंग याच्यापुढे किरकोळ आहे.

रेकॉर्डची_सुई

हायवे_पासष्ट यांच्या मूळ विधानावर आता बोलतो. थेट मत मांडले की गाणे दुबळे होते, हा नियम म्हणून मला मान्य नाही. २००३ चे 'टू वॉशिंग्टन' घ्या. इराकवरच्या हल्ल्याच्या सुमारास आलेले हे गाणे २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या फ्लोरिडाच्या वादग्रस्त मतमोजणीपासून तेलापर्यंत सगळे सरळ बोलते. त्याची चाल 'व्हाइट हाउस ब्लूज' या जुन्या लोकगीताची आहे, जे १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली त्यावर रचले गेले आणि विसाच्या दशकात चार्ली पूलने गायले. म्हणजे बातमी गाण्यात घालून गावोगाव नेण्याची जी परंपरा आहे, तिच्यातच मेलनकॅम्पने आपली बातमी घातली. अशा गाण्याकडून 'रेन ऑन द स्केअरक्रो'सारखा अंतर्मुख तपशील अपेक्षिणे म्हणजे पोवाड्याकडून विराणीची अपेक्षा करण्यासारखे आहे. ते सपाट आहे, कारण ते सपाटच असायला हवे.

त्या गाण्यानंतर इंडियानात त्याच्यावर किती राग उसळला, हे त्याने पुढे सांगितले आहे. त्याची मुले तेव्हा तिथल्याच शाळेत जात होती. लॉस एंजेलिसला बसून युद्धविरोधी गाणे करणे आणि ब्लूमिंग्टनला राहून करणे यांत फरक आहे. दुसऱ्या दिवशी किराणा आणायला त्याच दुकानात जावे लागते. त्याने गाव सोडले नाही. पैलतीर, तुमच्या आक्षेपांच्या विरुद्ध पारड्यात मी ही एक गोष्ट टाकतो.

'जेना' मात्र दुबळे आहे, हे मान्य. लुइझियानातल्या जेना गावात शाळेच्या आवारातील झाडाला फास टांगले गेल्यानंतर जो वांशिक संघर्ष झाला, त्यावरचे २००७ चे हे गाणे ऐकून तिथल्या महापौरांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. इथे मला तुमचा नियम लागू पडतो असे वाटते, कारण जेना त्याने बाहेरून पाहिले होते, सीमोर आतून पाहिले आहे. उलट २०२३ च्या 'ऑर्फियस डिसेंडिंग'मध्ये बंदुकांच्या हिंसेवरचे 'हे गॉड' आणि बेघरांवरचे 'द आइज ऑफ पोर्टलंड' ही दोन्ही गाणी थेट आहेत, पोर्टलंडही त्याचे गाव नाही, आणि तरी ती मला हलवतात. सिगारेटने खरवडलेला तो आवाज आता इतका जड झाला आहे की विधान करतानाही तो विनवणी केल्यासारखा वाटतो. म्हणून नियम करण्यापेक्षा गाणेनिहाय बोलावे, हे बरे.

पैलतीर

किराणा दुकानाचा मुद्दा मला पटला. गावात राहून गावाविरुद्ध बोलणे अवघड असते, आणि तेवढ्यासाठी त्याच्याविषयी आदर आहे. पण धैर्य होते म्हणून मत बरोबर ठरत नाही. आमच्याकडे त्याच्याइतकेच धैर्याने उलट मत मांडणारे लोक कला आणि विद्यापीठांच्या वर्तुळात आहेत, त्यांचेही कौतुक व्हावे. तत्त्वाविषयीच्या माझ्या प्रश्नाला अजून उत्तर आलेले नाही.

हायवे_पासष्ट

पैलतीर, उत्तर देतो. मॅकेन यांना नकार आणि ब्लूमबर्ग यांना होकार यामागे पक्ष सोडून दुसरे तत्त्व मला सापडत नाही. गायकाला आपले गाणे कोणाला द्यावे हे ठरवण्याचा हक्क आहे, पण 'स्मॉल टाउन'सारखे गाणे एका उमेदवाराला दिले की दुसऱ्या बाजूच्या श्रोत्याला त्यातून बाहेर काढल्यासारखे होते. माझे शेजारी ते गाणे अजूनही ऐकतात, ते त्यांच्या मनाच्या मोठेपणामुळे.

रेकॉर्डची_सुई, पोवाड्याचा दाखला समर्पक आहे. पण पोवाडा ऐकणारे त्या विजयात किंवा पराभवात सामील असतात. 'टू वॉशिंग्टन' ज्यांनी ऐकावे असे त्याला वाटत होते, ते ऐकायच्या आधीच उठून गेले. म्हणून ज्या ९७ क्रूसांपाशी दोन्ही बाजू थांबल्या, त्यांचे मोल मी अधिक धरतो.

कोरडवाहू

हार्किन यांच्या विधेयकाची माहिती माझ्या मांडणीला छेद देणारी आहे आणि ती इथे आली हे फार बरे झाले. तरीही माझा आक्षेप पूर्ण मिटत नाही. अमेरिकेच्या १९८२ च्या कृषिगणनेत सुमारे २२.४ लाख शेते होती, २०२२ च्या गणनेत १९ लाख उरली. मधल्या काळात फार्म एड जवळपास दर वर्षी झाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिनीॲपोलिसला त्याला ४० वर्षे पूर्ण झाली. घट रोखणे मैफलीच्या हातात नव्हते, हे मला कळते. पण त्या उपसमितीपुढे जाऊन जो भाव मागितला, तो नंतरच्या एका तरी गाण्यात का आला नाही? जप्तीच्या नोटिशीला उत्तर देणारी दूरध्वनी सेवा चालू आहे, याचा अर्थ नोटिसाही चालू आहेत.

मृगजळ, जोशी आणि ट्रॅक्टरवाले यांच्यातला फरक तुम्ही नेमका दाखवलात. उत्पादन किती ठेवायचे हे शेतकऱ्यांनी मतदानाने ठरवावे, या कल्पनेवर शेतकरी संघटनेचे लोक काय म्हणाले असते, हा स्वतंत्र विषय आहे. आमच्याकडे साखर आणि कापूस एकाधिकार खरेदी यांचा अनुभव पाठीशी असल्यामुळे विरोधच झाला असता, असा माझा अंदाज आहे. सिनेटपुढच्या त्या साक्षीचा पूर्ण मजकूर मिळतो का ते पाहतो आहे. मिळाला तर भावाच्या मुद्द्यावर मेलनकॅम्प काय बोलला, ते इथेच लिहीन.